'जातिउद्भव' वगळू नका : बालभारतीला एका विज्ञान शिक्षकाचं खुलं पत्र

प्रति,
विज्ञान विषय समितीचे सदस्य,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे
तसेच
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : दहावीच्या नव्या पुस्तकातला मानवी उत्क्रांतीचा भाग

महोदय, महोदया,

मी जुन्नर तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत गेली २३ वर्षं विज्ञान शिकवतो. हेच पत्र टपालाने पाठवलं असतं तर आवक क्रमांक पडून ते एखाद्या फायलीत विसावलं असतं. म्हणून उघड लिहितो आहे. पालकांनी वाचावं, माझ्यासारख्या शिक्षकांनी वाचावं आणि तुम्ही तर वाचावंच.

निमित्त तुम्हाला ठाऊक आहे. एनसीईआरटीने, म्हणजे केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या दिल्लीच्या संस्थेने, २०२२ मध्ये, कोविडनंतर मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून, पुस्तकांना कात्री लावली. त्यांच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असं प्रकरण होतं, त्यातली उत्क्रांती गेली आणि नुसती आनुवंशिकता उरली. डार्विन गेला, जीवाश्म गेले, शेवटचा मानवी उत्क्रांतीचा छोटा भागही गेला. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सह्या करून याला विरोध केला. तरी गेलेलं परत आलं नाही.

तेव्हा आम्ही राज्य मंडळाचे शिक्षक निर्धास्त होतो. आमच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चं पहिलंच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. पण आता राज्याची पुस्तकं नव्या धोरणाप्रमाणे, एनसीईआरटीच्या पुस्तकांचा आधार घेऊन, पहिलीपासून बदलायला लागली आहेत. टप्प्याटप्प्याने हे दहावीपर्यंत येणारच. दिल्लीत जे गळलं ते पुण्यात आपोआप गळेल, कुणी निर्णय न घेता, कुणाच्या सहीशिवाय, अशी मला भीती वाटते. सही करून काढलं तर निदान जाब तरी विचारता येतो.

यात माझं काय अडतं ते आधी सांगतो.

आपल्या पुस्तकांत जीनसला 'प्रजाती' म्हणतात आणि स्पीशीजला 'जाती'. त्यामुळे एका जातीतून दुसरी जाती निर्माण होते त्याला 'जातिउद्भव' असा शब्द आहे. शब्द शास्त्राला धरून आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण तो फळ्यावर लिहिला की दरवर्षी वर्गात एक हलकी हालचाल होते. कुणीतरी कुणाकडे तरी बघतं, मागच्या बाकांवर खुसफुस होते. चार वर्षांपूर्वी एका मुलीने हात वर करून सरळ विचारलं, "सर, म्हणजे आपल्या जाती कशा झाल्या ते का?"

मी नाही म्हणालो, ही जाती वेगळी, ती जात वेगळी. सगळ्या माणसांची जाती एकच, होमो सेपियन्स. ती बसली नाही. "मग ती दुसरी कधी झाली?"

उत्तर तोंडी देण्यासारखं नव्हतं. त्या आठवड्यात नारायणगावच्या बाजारातून सुतळीचे गुंडे आणले, जोडून ६५ मीटरची एक सुतळी केली आणि पावसाने उघडीप दिलेल्या दुपारी दहावीला मैदानावर काढलं. एक मीटर म्हणजे एक लाख वर्षं. आपले आणि चिंपांझीचे पूर्वज एक होते त्याला साधारण ६० ते ७० लाख वर्षं झाली, म्हणून सुतळीचं लांबचं टोक तिथे, खो-खोच्या खांबाच्याही पलीकडे. जवळचं टोक माझ्या पायाशी, म्हणजे आज. सुतळी मैदानात मावेना, तिला दोनदा वळवावं लागलं.

मग मुलं गाठी मारत गेली. ३२ मीटरवर ल्युसी, म्हणजे एका मानवसदृश मादीचा सांगाडा, इथिओपियात हदारला १९७४ मध्ये सापडलेली, दोन पायांवर चालणारी पण मेंदूने चिंपांझीएवढीच. त्यानंतर बराच वेळ चालत यावं लागतं. आपली जाती, होमो सेपियन्स, शेवटच्या तीन मीटरवर येते. मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदच्या कवट्या सुमारे तीन लाख वर्षांच्या आहेत. आफ्रिकेबाहेरची आजची सगळी माणसं ज्या स्थलांतरातून मुख्यतः आली ते शेवटच्या साठ-सत्तर सेंटिमीटरमध्ये. शेती दहा सेंटिमीटरवर. नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख दोन सेंटिमीटरवर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढ्या अंतरावर. आणि समोर शिवनेरी दिसत होता. महाराजांचा जन्म कुठे मांडायचा असं एकाने विचारलं. हिशेब केला, चार मिलिमीटर. तिथे गाठ मारता येईना, सुतळीचा धागाच तेवढा जाड होता.

मुलगी थांबली होती. तिला मी २०१३ चा एक अभ्यास सांगितला. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले लालजी सिंह आणि कुमारसामी थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइश आणि त्यांचे सहकारी यांनी भारतातल्या बऱ्याच समूहांचे जनुक तपासले. त्यात असं दिसलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले जवळजवळ सगळे समूह एकमेकांत मिसळत होते, ज्यांना आपण आज सर्वांत वरचे म्हणतो ते आणि सर्वांत दूर राहणारेही. त्यानंतर मिसळणं आटत गेलं आणि लग्नं आपापल्यातच व्हायला लागली. सुतळीवर बोट ठेवून दाखवलं : इथपासून इथपर्यंत मिसळ, आणि हा शेवटचा पेरभर तुकडा म्हणजे कुंपण.

तिने ६५ मीटरच्या त्या वेटोळ्याकडे बघितलं, मग त्या पेराकडे, आणि "एवढंच?" असं म्हणाली. पुढे काही बोलली नाही. मी पण बोललो नाही, घंटा झाली होती.

माझ्या नोकरीतला हा सगळ्यात चांगला तास. तो तुमच्या पुस्तकातल्या एका प्रकरणाच्या आधारावर उभा होता, आणि ते प्रकरण राहील की नाही याची मला खात्री नाही. एनसीईआरटीच्या वगळलेल्या भागात नेमकं हेच लिहिलेलं होतं : कातडीच्या रंगावरून मानलेल्या वंशांना जीवशास्त्रात आधार नाही, सगळी माणसं एकाच जातीची आहेत आणि सगळ्यांचं मूळ आफ्रिकेत आहे. भार कमी करायला हीच ओळ सापडावी याचं मला अजून नवल वाटतं.

आता तक्रारी.

पहिली तक्रार, 'बारावीत आहे की' या उत्तराबद्दल. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे हे खरं. पण माझ्या वर्गातली किती मुलं बारावीला जीवशास्त्र घेतात? बरीचशी कला, वाणिज्य, आयटीआय नाहीतर सरळ द्राक्षबागेत जातात. कुणी पुढे सरपंच होतं, कुणी पोलीस, कुणी वकील, कुणी सासू. या सगळ्यांची विज्ञानाशी शेवटची भेट दहावीत होते. माणूस कुठून आला हे डॉक्टर होणाऱ्यालाच कळलं पाहिजे असं कुठे आहे?

दुसरी तक्रार तुमच्या स्वतःच्या, सध्याच्या पुस्तकाबद्दल आहे आणि ती थोडी लांब आहे. हा धडा टिकवा म्हणतो म्हणजे तो जसा आहे तसा टिकवा असं नव्हे. २०१८ पासून चालू असलेल्या या पुस्तकातली मानवी उत्क्रांतीची गोष्ट ती छापली तेव्हाच शिळी झालेली होती.

गोष्ट सुरू होते पूर्व आफ्रिकेतल्या रामापिथिकसपासून. रामापिथिकस हे नाव मुळात १९३० च्या दशकात शिवालिकच्या टेकड्यांतल्या जबड्याच्या एका तुकड्याला मिळालं. काही काळ त्याला खरोखर मानवाचा आद्य पूर्वज मानत. पण पाकिस्तानातल्या शिवालिक खडकांत शिवापिथिकस या प्राचीन एपचा बराचसा पूर्ण चेहरा सापडला, १९८२ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि दिसलं की हा प्राणी ओरांगउटानच्या बाजूचा आहे. रामापिथिकस हा वेगळा कुणी नव्हताच, तो शिवापिथिकसच. म्हणजे राम शिवात विलीन झाला त्यालाही ४० वर्षं उलटली. माझी मुलं मात्र अजून 'रामापिथिकस, ऑस्ट्रेलोपिथिकस, कुशल मानव, ताठ कण्याचा मानव, निअँडरथल, क्रो-मॅग्नन' असं पाढ्यासारखं म्हणतात, कारण परीक्षेत त्याच क्रमाने मार्क मिळतात.

पुढे निअँडरथल हा बुद्धिमान मानवाचा पहिला नमुना म्हणून येतो. तुमच्याच पाचवीच्या परिसर अभ्यासात त्याला 'शक्तिमान मानव' म्हणून बुद्धिमान मानवापासून वेगळं ठेवलं आहे. पाचवीतले ते धडे चांगले आहेत, हे मुद्दाम नमूद करतो. दहावीचं पुस्तक लिहिणाऱ्यांनी पाचवीचं चाळलं असतं तरी चाललं असतं. निअँडरथल ही आपल्या शेजारची वेगळी फांदी. २०१० मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्वान्ते पाबो यांच्या गटाने त्याच्या जनुकांचा आराखडा वाचला आणि कळलं की आफ्रिकेबाहेरच्या माणसांत थोडा वारसा त्याच्याकडून आला आहे, आजच्या अंदाजाने एक ते दोन टक्के. त्याच वर्षी सैबेरियातल्या देनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या एका हाडाच्या तुकड्यावरून आणखी एक अनोळखी भाऊबंद सापडला. पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. हे सगळं मुलांना मोबाइलवर दिसतं आणि मग ती मला विचारतात, "सर, पुस्तकात असं का नाही?"

आणि शेवट होतो क्रो-मॅग्ननवर, ५० हजार वर्षांपूर्वी. क्रो-मॅग्नन हे फ्रान्समधल्या एका कातळकपारीचं नाव आहे. तिथे १८६८ मध्ये सांगाडे सापडले. म्हणजे गोष्ट आफ्रिकेतून निघून युरोपात संपते आणि पोरांना वाटतं आपला मूळ पुरुष फ्रेंच. जेबेल इर्हूदचे तीन लाख वर्षांपूर्वीचे पुरावे २०१७ मध्ये जाहीर झाले, इथिओपियातल्या ओमो किबिशच्या कवट्यांचं वय २०२२ मध्ये दोन लाखांवरून आणखी मागे, किमान दोन लाख ३३ हजार वर्षांवर गेलं. आपली जाती आफ्रिकेतली आहे, हे वाक्य त्या धड्यात ठसठशीत कुठेच येत नाही.

या शिडीसारख्या मांडणीतूनच तो जगप्रसिद्ध प्रश्न निघतो : माणूस माकडापासून झाला, तर मग माकडं अजून का आहेत? मी वर्गात उलट विचारतो, तुझा चुलतभाऊ जिवंत आहे म्हणून तू जन्मलाच नाहीस का? आपण चिंपांझीचे वंशज नाही, भाऊबंद आहोत. एका आजोबांची वाटणी झाली, एक घर झाडावर राहिलं, एक खाली उतरलं. वंशावळ म्हणजे काय हे आमच्याकडच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. ज्यांच्या घरच्या पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत लिहिलेल्या आहेत, सातबाऱ्यावर ज्यांचे दहा-दहा चुलते आहेत, त्यांना झाडाची फांदी शिडीपेक्षा लवकर समजते. त्या वहीत दहा-बारा पिढ्या असतात. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर होमो सेपियन्सच्या तीन लाख वर्षांत बारा हजार पिढ्या होतात.

तिसरी तक्रार : दहावीच्या त्या गोष्टीत आपला देशच नाही. आमच्या तालुक्यातून कुकडी वाहते. बोरीजवळ तिच्या काठच्या थरांत अश्मयुगातल्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत, आणि त्यांच्याजवळ ज्वालामुखीच्या राखेचा पांढरट थर आहे. महाराष्ट्रात ज्वालामुखी निवला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. ही राख इथली नाहीच, ती सुमात्राच्या तोबा ज्वालामुखीची मानली जाते, समुद्र ओलांडून आलेली. पहिल्या मापनात तिचं वय सुमारे १४ लाख वर्षं निघालं, १९९५ मध्ये दुसऱ्या पद्धतीने ६ लाख ७० हजार, तर काही अभ्यासक म्हणतात की ही तोबाच्या शेवटच्या मोठ्या उद्रेकाची, ७५ हजार वर्षांच्या आसपासची. एकाच चिमूटभर राखेवरून तज्ज्ञ भांडतात आणि प्रत्येक जण मोजमाप पुढे ठेवून भांडतो. विज्ञान कसं चालतं ते शिकवायला याहून चांगला धडा मला तरी सुचत नाही. ही राख मी एकदा कागदाच्या पुडीत वर्गात नेली. एक मुलगा बोटावर चोळून म्हणाला, "सर, आजी म्हणते याने पूर्वी भांडी घासायचे." पुडी वर्गभर फिरून परत आली तेव्हा निम्मी रिकामी होती आणि प्रत्येकाच्या बोटाला सुमात्रा लागलेला होता.

आणि एवढंच कुठे? प्रवरेकाठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी १९५० च्या दशकात काम केलं, शेजारी चिरकीला १९६० च्या दशकात गुद्रून कॉर्व्हिनस यांनी खोदलं. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, त्यातल्या एकावर कोरलेली नक्षी आहे, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. चाळीसगावात शहामृग! हे ऐकून वर्ग जागा होतो की नाही बघा. नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. चेन्नईजवळ अत्तिरम्पक्कमला शांती पप्पू यांच्या गटाने १५ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं शोधली. यातलं बरंचसं काम डेक्कन कॉलेजच्या माणसांनी केलेलं किंवा त्यांच्या परंपरेतलं आहे. तुमचं कार्यालय सेनापती बापट रस्त्यावर, डेक्कन कॉलेज येरवड्यात. रिक्षाने अर्धा-पाऊण तास, वाहतूक कोंडी धरून.

त्याच डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे शिकवत. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला मानवशास्त्र शिकायला गेल्या, तिथे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर होते, वंशश्रेष्ठतेचे पुरस्कर्ते. वंशावरून कवटीच्या ठेवणीत फरक पडतो अशी त्यांची धारणा. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक दिसत नाही असंच प्रबंधात लिहिलं, मार्गदर्शकाला काय हवं होतं ते माहीत असून. आमच्या मुलींना या बाईंची ओळख विज्ञानाच्या पुस्तकात व्हायला हवी. चौकटीत बसेल एवढाच मजकूर आहे.

चौथी तक्रार शिकवण्याच्या बाजूची आणि ती आम्हा शिक्षकांनाही लागू आहे. हा भाग अनेक शाळांत 'घरी वाचा' म्हणून सुटतो. मला एका वर्षी सांगितलं गेलं होतं की दोन-तीन मार्कांसाठी मैदानावर सुतळ्या कशाला पसरता, अवशेषांगांची, म्हणजे शरीरात उरलेल्या निरुपयोगी अवयवांची, नावं घोकून घ्या. कोणी सांगितलं ते सोडा. एकदा एक पालक तावातावाने आले, "आमच्या पोराला माकडाची अवलाद म्हणता?" त्यांना चहा दिला आणि सुतळी दाखवली. ते मवाळ होऊन गेले असं म्हणणार नाही, पण शिवनेरीची चार मिलिमीटरची जागा मात्र दोनदा बघून गेले. अशा वेळी शिक्षकाच्या पाठीशी फक्त पुस्तक असतं. पुस्तकातूनच धडा गेला तर तो मुकाट उद्या पर्यावरणाचं प्रकरण शिकवायला घेईल. मीही कदाचित तेच करीन, माझी निवृत्ती जवळ आली आहे.

आता जे आक्षेप येतात त्यांच्याबद्दल थोडक्यात. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तेव्हाच्या औरंगाबादेत म्हणाले होते की माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा डार्विन चुकीचा आहे आणि अभ्यासक्रम बदलला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याला उत्तर दिलं, म्हणून मी त्यात शिरत नाही. फक्त एक वाटतं. सिंह साहेब मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना परिस्थितीजन्य पुराव्यावर गुन्हा शाबित होतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि इथे तर पंचनामा आपल्या पेशीतच आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना ४८ गुणसूत्रं, आपल्याला ४६. दोन कुठे गेली? आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र बघितलं तर मध्येच, जिथे असायचं कारण नाही तिथे, गुणसूत्राच्या टोकाला असते तसली रचना सापडते. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली आहेत. माझ्या सुतळीतल्या गाठीसारखी ती गाठ दिसते.

'शेवटी थिअरीच ना' असंही म्हणतात. मराठीत त्याला आपण सिद्धांत म्हणतो. शब्दातच 'सिद्ध' आहे, तो तरी नीट ऐकावा.

दशावताराचा दाखला देणारे पालकही भेटतात, आधी मासा, मग कासव, मग वराह. मला त्यांच्याशी गप्पा मारायला आवडतं. पण प्रश्नपत्रिका काही त्यांच्याकडून तयार करून घेता येत नाही.

आणि हे सगळं जुन्या हाडांचं आहे, आजच्या जगण्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार घ्या. माझे एक सहकारी आधी गडचिरोलीत होते. त्यांच्या वर्गात सिकलसेलची कार्डं असलेली मुलं असायची. असा त्रासदायक जनुक हजारो वर्षं टिकला कसा, असं एकाने त्यांना विचारलं. दोन्ही पालकांकडून आला तर आजार, एकाकडूनच आला तर मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून बरंच संरक्षण, म्हणून जिथे मलेरिया होता तिथे तो निवडला गेला. नैसर्गिक निवड, माणसात, आपल्याच राज्यात. सरकार २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालवतं आहे. त्या मुलाला मिळालेलं उत्तर उत्क्रांतीच्या धड्याशिवाय देताच येत नाही. 'तुझ्या रक्तात दोष आहे' आणि 'तुझ्या पूर्वजांना या जनुकाने तारलं' या दोन वाक्यांत त्या पोराच्या दृष्टीने केवढा फरक आहे ते तुम्हीच बघा.

तर माझ्या मागण्या अशा.

दहावीच्या नव्या पुस्तकात उत्क्रांतीचं प्रकरण ठेवा, मानवी उत्क्रांतीसकट. ते 'केवळ माहितीसाठी' अशा चौकटीत ढकलू नका आणि मूल्यमापनातून वगळू नका. ज्याला मार्क नाहीत ते शिकवलं जात नाही हे आपण सगळे जाणतो.

मानवी उत्क्रांतीचा भाग नव्याने लिहून घ्या. लिहिताना डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्वज्ञांना आणि जनुकशास्त्राच्या अभ्यासकांना सोबत घ्या. रामापिथिकस वगळा, शिडीच्या जागी फांद्यांचं झाड काढा. सगळी माणसं एका जातीची आणि मुळात आफ्रिकेतली आहेत, हे वाक्य ठळक छापा.

'जाती' हा शब्द राहणार असेल तर त्याचा आणि समाजातल्या जातीचा संबंध नाही, हे पहिल्याच वापरापाशी दोन ओळींत सांगा. हे काम शिक्षकाच्या हजरजबाबीपणावर सोडू नका.

बोरी, नेवासे, पाटणे यांचा नकाशा द्या. सोबत हेही लिहा की असं हत्यार दिसलं तर ते खिशात घालायचं नाही, जागेवरच राहू द्यायचं आणि फोटो काढून कळवायचं. कारण थरातून उपटलेल्या दगडाचं वय सांगता येत नाही.

तालुक्याला निदान एक तरी कवट्यांच्या साच्यांचा संच द्या, शाळांनी आळीपाळीने वापरायला. ल्युसी, ताठ कण्याचा मानव, निअँडरथल आणि आपण, चारच पुरेत. आणि शिक्षक प्रशिक्षणात या प्रकरणाला अर्धा दिवस द्या. पालक आले तर काय बोलायचं हेही त्यात येऊ द्या, कारण खरी अडचण तिथेच होते.

शेवटची मागणी : मसुदा छापायच्या आधी लोकांसमोर ठेवा. काही वगळणार असाल तर काय वगळलं आणि का, हे वगळणाऱ्यांच्या नावानिशी जाहीर करा.

दिवाळीनंतर, कुकडीला धरणाच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं नसेल तेव्हा, तुमच्यापैकी कुणी बोरीला येणार असाल तर कळवा. पुण्याहून नारायणगावापर्यंत एसटी भरपूर आहेत. स्टँडवर मी मोटारसायकल घेऊन उभा राहीन. नदीकाठी उतरायला थोडं घसरडं आहे, चपला नकोत, बूट घाला. सुतळी मी आणतो.

आपला,
एक विज्ञान शिक्षक,
तालुका जुन्नर, जिल्हा पुणे